वजन चाकांवर आल्यावर

तेहेतीस वर्षं विमानांवर काम केलं असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या साडीकडे बघतो, मग चपलांकडे, आणि विचारतो, "एअर होस्टेस होतात?" नाही म्हटलं की, "मग तिकिटांचं काम?" तेही नाही. मी चाकं आणि ब्रेक दुरुस्त करणाऱ्या विभागात होते. विमान आकाशात काय करतं याच्याशी माझा फारसा संबंध कधी आला नाही. ते जमिनीला टेकल्यापासून थांबेपर्यंत जे अर्धं-पाऊण मिनिट जातं, तेवढंच माझं. त्या वेळात प्रवासी मोबाइल चालू करत असतात.

निवृत्त झाल्यावर मला वाटलं, आता ब्रेकचं तोंड बघायला नको. मीरा रोडला, शांती नगरमध्ये आमचं घर. सकाळी फिरायला जायचं, दुपारी झोपायचं, असा बेत होता. तो जेमतेम आठ महिने टिकला.

स्वयंपाकघरातला नळ गळत होता म्हणून वॉशर आणायला मी आमच्या नेहमीच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. माझ्या पुढे एक गृहस्थ उभे होते. पन्नाशी ओलांडलेले, गुडघ्यापर्यंतची पँट, नखांच्या कडेला कायमचं बसलेलं काळं ऑइल.

"शेठ, ती पारदर्शक नळी दे चार मीटर," ते म्हणाले. "पेट्रोलची असते ना, ती. ब्रेकला लावायची हाय."

"ब्रेक में ये नहीं चलेगा भाई," दुकानदार म्हणाला. "गाडी कौनसी है?"

गृहस्थांनी एकदा मागे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "विमान."

दुकानदार मोठ्याने हसला. मला हसू आलं नाही. मी विचारलं, "कुठल्या बाजूला लावणार? पेडलच्या की चाकाच्या?"

"चाकाच्या."

"मग नका लावू. ब्रेक दाबला की चाकातली तबकडी तापते. त्या आचेने ही नळी मऊ पडेल. नेमका तुम्हाला ब्रेक हवा असेल तेव्हा फुटेल."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुमाला काय ठाव?"

"माझी नोकरीच ती होती."

त्यांनी नळीचं भेंडोळं दुकानदाराच्या हातात परत दिलं आणि म्हणाले, "मंग चला. बघायलाच चला."

वॉशर राहून गेला तो राहूनच गेला. नवऱ्याने शेवटी दुसऱ्या दुकानातून आणला.

गृहस्थांचं नाव एकनाथ. राई गावचे. वडिलांची थोडी भातशेती आणि एक होडी. एकनाथभाऊ स्वतः होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. आसपासच्या खाडीकाठच्या गावांतली माणसं अजूनही त्यांच्याकडे इंजिन घेऊन येतात. शेताच्या एका भागावर आता टॉवर उभा आहे. त्या जमिनीचं जे आलं त्यातून त्यांनी मुलीला, वृषालीला, विमान चालवायला शिकवलं. तिने सगळ्या परीक्षा दिल्या, लायसन मिळवलं, पण नोकरी मिळेना. घोडबंदर रोडवर वरसाव्याजवळच्या एका हॉटेलात ती स्वागतकक्षात बसत होती. बसून बसून मुलगी बोलेनाशी झाली, असं भाऊ म्हणाले. म्हणून त्यांनी तिच्यासाठी विमान बांधायला घेतलं.

हे वाक्य त्यांनी रिक्षात, वडापाव घ्यायला थांबू का, हे विचारावं तितक्या सहज सांगितलं.

खाडीच्या बाजूला जिथे पूर्वी होड्या दुरुस्तीला ओढून आणत, त्या शेडमध्ये ते विमान होतं. मी काहीतरी जुगाड बघायला मिळेल या तयारीने गेले होते. पण लाकडाचं काम बघून मी पंखावरून हात फिरवला. पंखाच्या फासळ्या एकसारख्या, एकही सांधा उघडा नाही. परदेशातून नकाशे मागवून, सरकारी परवानगीचे कागद एकेक करत, त्यांनी सहा वर्षांत ते उभं केलं होतं. एका माणसाचं विमान, दोन मोठी चाकं पुढे आणि शेपटीखाली एक छोटं.

एकनाथभाऊंची बायको हिराबाई शेडच्या दारात जाळं विणत बसल्या होत्या. मी ब्रेक बघायला आलेय म्हटल्यावर त्यांनी सुई खाली ठेवली.

"मना इतकंच सांग बाय," त्या म्हणाल्या. "हे थांबंल ना?"

आजवर मी शेकडो विमानं बघितली असतील, पण हा प्रश्न इतक्या थेट मला कोणी विचारला नव्हता.

ब्रेकचं काम कळायला सोपं आहे. पाय पेडलवर पडला की तिथलं तेल एका बारीक नळीतून ढकललं जातं, ते चाकाजवळचा दट्ट्या पुढे सारतं, आणि दट्ट्या चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला दोन्हीकडून दाबतो. मोटरसायकललाही हेच असतं. फरक एवढाच की छोट्या विमानात डाव्या चाकाचा ब्रेक डाव्या पायाशी आणि उजव्याचा उजव्या पायाशी असतो. एक गेला तर विमान नुसतं उशिरा थांबत नाही, ते गर्रकन एका बाजूला वळतं. पंख जमिनीला लागतो, चाकाचा पाय मोडतो, आणि पुढे काय होईल ते वेगावर अवलंबून.

एकनाथभाऊंनी पेडलकडचा भाग मोटरसायकलचा बसवला होता, चाकाकडचा जुन्या विमानातला. तेल भरलं होतं मोटरसायकलचं. मी म्हटलं, "हे तेल त्या रबराला चालत नाही."

"तेल ते तेल," भाऊ म्हणाले. "मी तीस वर्षं इंजिनं खोलतोय."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी चाकाकडच्या दट्ट्याच्या दोन जुन्या रबरी रिंगा घरी आणल्या. खिडकीत स्टीलच्या दोन वाट्या ठेवल्या, एकीत त्यांचं तेल, दुसरीत विमानाचं लाल तेल. नवऱ्याने दोन्ही वाट्या पुन्हा आमटीसाठी वापरायच्या नाहीत असं मला वदवून घेतलं. आठवड्याने मी वाट्या तशाच झाकून राईला नेल्या. लाल तेलातली रिंग होती तशी होती. दुसरी फुगली होती. भाऊंनी ती खाचेत बसवून पाहिली, बसेना. अंगठ्याने दाबली, तर कडेने भुगा निघाला.

त्यांनी अंगठा फडक्याला पुसला. मग म्हणाले, "बाई, आता पहिल्यापासून सांगा."

त्या दिवसापासून मी आठवड्यातून तीनदा राईला जाऊ लागले. मोटरसायकलचा भाग काढून विमानाचा मागवला. सगळं तेल काढलं, नळ्या धुतल्या. चाकांना पोटाशी धरून ठेवणारे पाय या विमानात ट्रकच्या कमानीच्या पाट्यांसारखे होते, दणका बसला की फाकणारे. भाऊंनी पायावरून पक्की धातूची नळी वरपासून खालपर्यंत आवळून टाकली होती. दिसायला देखणी होती. पण पाय वाकणार आणि नळी वाकणार नाही, म्हणजे एक दिवस ती सांध्याशी तडकणार. तिथे मी लवचीक रबरी नळी घालायला लावली. वृषाली सुट्टीच्या दिवशी यायची. पहिल्यांदा कोपऱ्यात उभी असायची, नंतर खाली आडवी होऊन प्रश्न विचारायला लागली. शेजारच्या टॉवरमधल्या बायका गॅलरीतून विचारायच्या, "आंटी, कब उड़ेगा?" मी सांगायचे, "पहले रुकने तो दो."

आमच्या विभागात डिसोझा नावाचे तपासनीस होते. मी नवी होते तेव्हा त्यांनी मला एकच नियम शिकवला. ज्याने काम केलं त्याने ते तपासायचं नाही. कागदावर दोन सह्या लागायच्या आणि त्या दोन वेगळ्या माणसांच्या. एकदा एका विमानाचं चाक मी बदललं आणि तपासायला डिसोझांशिवाय कोणी नव्हतं, पण एक बोल्ट घट्ट करायला त्यांनी स्वतः हात लावला होता. तेवढ्यावरून ते म्हणाले, मी सही करणार नाही, दुसरा माणूस बोलवा. प्रवासी खोळंबले. साहेब लोक फोनवर ओरडत होते. डिसोझा स्टुलावर बसून चहा पीत राहिले. पाऊण तासाने दुसरा तपासनीस आला. त्याने सगळं बघितलं. काहीही चूक निघाली नाही.

"एवढं थांबून काय मिळालं?" मी त्यांना विचारलं होतं.

"काहीच नाही," ते म्हणाले. "चांगलं झालं ना?"

हा नियम मी पुढे शंभर जणांना शिकवला. मोडला मात्र एकदाच, आणि तो निवृत्तीनंतर.

सरकारी अधिकारी येऊन विमान बघून गेले. उड्डाणाआधी जमिनीवरच्या धावा पूर्ण करा, आधी सावकाश, मग जोरात, असं त्यांनी लिहून दिलं. पंख उतरवून, ट्रकवर घालून आम्ही विमान दूरच्या एका खासगी धावपट्टीवर नेलं. तिथल्या शेडमध्ये मुक्काम टाकला. हिराबाई चूल मांडून सगळ्यांचं रांधत होत्या.

पहिल्या धावेच्या सकाळी विमानाच्या पोटाखाली लाकडी घोडे लावले होते, चाकं अधांतरी. शेवटची नजर टाकताना मला दिसलं की डाव्या पायावरची नळी खाली तबकडीच्या जरा जवळ येतेय. वरची क्लिप दोन बोटं सरकवली की ती वर ओढली जाईल. भाऊ पेट्रोल आणायला गेले होते. ते येईपर्यंत थांबायला हवं होतं. पण पाना माझ्या हातात होता, आणि खरं सांगायचं तर तो पुन्हा हातात आल्याचा आनंदही होता. मी क्लिप सोडली, सरकवली, आवळली. नळी पोटाच्या पत्र्यातल्या भोकातून बाहेर येते, तिथे कडेपासून चांगलं अंतर दिसत होतं. मीच केलं आणि मीच बघितलं.

हिराबाई चहा घेऊन आल्या होत्या. वाकून बघत म्हणाल्या, "बाय, हे खाली उतरवलं की पाय फाकतील ना? मंग ही नळी कुठं जाईल?"

"तेवढी ढील ठेवलीय, वहिनी."

"न्हाय, होडीचं मी बघते ना. वाळूवर असली की दोर वेगले ताणतात, पाण्यात गेली की वेगले."

"वहिनी, हे माझ्यावर सोडा," मी म्हटलं.

त्यांनी कप खाली ठेवला आणि गेल्या. थोड्या वेळाने घोडे काढले, विमान स्वतःच्या वजनावर उभं राहिलं. त्यानंतर पुन्हा खाली आडवं होऊन बघायचं, हा आमच्या कामातला अगदी पहिल्या वर्षाचा धडा. वाऱ्याची वेळ चांगली होती, वृषाली तयार होती, भाऊ घाई करत होते. मी बघितलं नाही.

दोन दिवस सावकाश धावा झाल्या. सगळं सुरळीत. तिसऱ्या दिवशी जोरात धाव. वृषाली आमच्यासमोरून गेली, शेपूट उचललं गेलं, मग तिने इंजिन कमी केलं आणि ब्रेक लावला. विमानाने उजवीकडे हिसका दिला. मला लगेच कळलं, डावा गेला. आता ती घाबरून उजवा आणखी जोरात दाबेल का, एवढाच प्रश्न होता. तिने उजवा सोडला, इंजिन बंद केलं, शेपटीच्या सुकाणूने नाक सरळ धरलं आणि विमानाला जाऊ दिलं. धावपट्टी संपली. ते गवतात घुसलं, एका बांधावर आपटलं, डावा पाय वाकला आणि पंख टेकला.

भाऊ धावले. मी पोचले तेव्हा वृषाली बाहेर येऊन गवतात बसली होती. कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं.

"डावं पेडल एकदम आत गेलं, काकी," ती म्हणाली. "खाली काहीच नव्हतं."

भाऊ विमानाच्या पोटाखाली शिरले. पत्र्यावर लाल तेलाचे फराटे होते. त्यांनी नळी हाताने चाचपली आणि म्हणाले, "नळीच खराब निघाली. माल जुना दिला असंल त्यांनी."

हे चाललं असतं. कोणी शंका घेतली नसती. भाऊंनी आणखी चार ठिकाणी नळीवाल्याला शिव्या घातल्या असत्या आणि मला पुढच्या आठवड्यात पुन्हा राईला बोलावलं असतं. मी बांधावर बसले. हिराबाई मुलीला पाणी पाजत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तक्रार नव्हती त्या बघण्यात, आणि ते मला जास्त जड गेलं.

"भाऊ, नळी चांगली होती," मी म्हटलं. "क्लिप मी सरकवली. चाकं अधांतरी असताना सरकवली. वजन आल्यावर पाय फाकले आणि नळी पत्र्याच्या कडेवर ताणली गेली. दोन दिवस घासत होती. वहिनींनी मला विचारलं होतं. मी त्यांना गप्प केलं."

एकनाथभाऊ उठले आणि धावपट्टीच्या टोकापर्यंत चालत गेले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. "माझी पोर व्हती आत," एवढंच ते म्हणाले. मी मान खाली घातली.

मी तेव्हाच निघून जाणार होते. पिशवी भरली. हिराबाई दारात आल्या.

"कुठं चाललीस?"

"माझं काम संपलं, वहिनी. मी आता इथे कुठल्या तोंडाने थांबू?"

"अर्ध्यात टाकून जाशील तर कोन बघंल?" त्या म्हणाल्या. "आता तू हात लावू नको. तू सांग. एकनाथ करंल. आनि मी बघंन."

मी राहिले.

पुढचे चार महिने तसंच झालं. वाकलेला पाय नवा आला. तो पोटाला धरणारे बोल्ट वरून अगदी कोरे दिसत होते, भाऊ ते पुन्हा वापरू म्हणाले. मी म्हटलं, वाकलेला बोल्ट दिसतो, ताणलेला दिसत नाही. सगळे टाकले. पत्र्याच्या भोकाला रबरी कडं बसवलं. प्रत्येक काम आधी घोड्यांवर, मग वजन चाकांवर घेऊन, मग दोन माणसं पंखाखाली उभी राहून विमान वरखाली दाबत असताना, असं तीनदा तपासलं. तपासणाऱ्या हिराबाई. त्यांना वाकायला त्रास होई, म्हणून खाली गोधडी अंथरलेली असायची. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने वृषालीकडून एक वही आखून घेतली. एका बाजूला काम, पुढे भाऊंची सही, त्यापुढे स्वतःची. मला सहीची जागाच नव्हती. मी विचारलंही नाही.

त्यांची नजर जाळ्यावर तयार झालेली. झिजलेला धागा तुटायच्या आधी कसा दिसतो ते त्यांना ठाऊक होतं. एकदा त्यांनी बोल्टच्या डोक्यांतून ओवलेली तार बघून भाऊंना सांगितलं, "ही उलटी पिळलीस." भाऊ म्हणाले, तार आहे ना, झालं. मी बघितलं. खरंच उलटी होती. बोल्ट सैल होऊ लागला तर तारेने त्याला मागे ओढायचं असतं, ही त्याला सैल व्हायला मोकळीक देत होती. हे मी हिराबाईंना शिकवलं नव्हतं. शेजारची तार कशी आहे ते बघून त्यांनी ताडलं होतं. तेहेतीस वर्षांत माझ्या हाताखाली अशी दोनच माणसं आली.

या वर्षी पाऊस सरल्यावर आम्ही पुन्हा त्या धावपट्टीवर गेलो. सावकाश धावा झाल्या, मग जोरात. वृषालीने पूर्ण वेगातून तीनदा विमान थांबवलं. तिन्ही वेळा नाक रेषेवर. अधिकारी सकाळीच येऊन कागद बघून, पहिल्या उड्डाणाला होकार देऊन बसले होते. विमान शेडसमोर उभं होतं, इंजिन बंद. भाऊ नाकावरच्या पंख्याजवळ उभे राहून उगाच हात पुसत होते.

हिराबाई खाली वाकल्या. डाव्या चाकाच्या तबकडीपासून वीतभर लांब त्यांनी तळहात धरला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग उजव्या बाजूला गेल्या आणि तिथेही धरला. पुन्हा डावीकडे आल्या. एक ब्रेक कमी धरत असेल तर त्या बाजूची तबकडी कमी तापते. आम्ही सगळे थांबलो होतो. अधिकाऱ्यांनी घड्याळात बघितलं.

ओळख झाल्यापासून ही बाई या विमानाबद्दल कधी चांगलं बोललेली मी ऐकली नव्हती. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"दोन्ही सारखीच ऊन हायत," त्या म्हणाल्या.

वहीत सही केली, पेन पदरात खोचलं आणि विमानात बसलेल्या लेकीच्या गालाला हात लावला. तोच हात, अजून गरम असलेला.

"जा आता," म्हणाल्या.